तळे, मळा आणि पेठ : बेंगळुरूच्या शहरी बागायतीचा इतिहास

मराठीत ‘बाग’ आणि ‘बागायत’ हे शब्द एकाच मुळाचे असले, तरी व्यवहारात त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या आहेत. बाग म्हटले की फुलझाडे, हिरवळ आणि संध्याकाळी फिरायला जाण्याची जागा डोळ्यांपुढे येते. बागायत म्हटले की विहिरीचे किंवा पाटाचे पाणी मिळणारी, पावसावर विसंबलेल्या जिरायतीपेक्षा अधिक पिकणारी आणि म्हणून अधिक सारा भरणारी जमीन समोर येते. कन्नडमध्ये जवळपास असाच भेद ‘उद्यान’ आणि ‘तोट’ या शब्दांत आहे. तोट म्हणजे मळा : नारळ, केळी, फळझाडे, पालेभाज्या यांची पाण्याखालची लागवड. बेंगळुरूची ख्याती उद्याननगरी म्हणून असली, तरी या शहराचा पावणेपाचशेहून अधिक वर्षांचा इतिहास पाहता ते आधी तोटांचे शहर होते आणि त्याची प्रसिद्ध उद्यानेही तोटांच्याच पाण्यावर, तोट कसणाऱ्यांच्याच हातांनी वाढली, असे दिसते. शहराच्या आराखड्यात अन्न पिकवण्याला जागा असावी, हा विचार आज शाश्वत नगररचनेच्या, म्हणजे पुढच्या पिढ्यांची पाणी-माती न संपवता शहर वाढवण्याच्या, चर्चेत नव्याने मांडला जातो. बेंगळुरूत ती जागा पूर्वी होती, आणि ती कशी गेली याचा शोध घेतला तर जमिनीच्या टंचाईआधी पाण्याशी तुटलेल्या नात्यापाशी येऊन थांबावे लागते.

बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर, पाणलोट विभागणाऱ्या एका उंचवट्यावर वसले आहे. त्यामुळे येथे पडणारा पाऊस दोन्ही बाजूंनी वाहून जातो. पश्चिमेकडचे पाणी वृषभावती आणि अर्कावतीमार्गे कावेरीला, तर पूर्वेकडचे दक्षिण पिनाकिनीला मिळते. बारमाही नदी शहरापाशी नाही. अशा ठिकाणी वस्ती टिकवायची तर पावसाचे पाणी उतारावर जागोजागी अडवणे हाच मार्ग होता, आणि तो या प्रदेशाने फार पूर्वीच स्वीकारला. दरीच्या वरच्या टोकाला मातीचा बांध घालून तलाव करायचा, तो भरला की सांडव्यावरून जादा पाणी पाटाने खालच्या तलावात सोडायचे, आणि ही साखळी पुढे नेत राहायची, अशी ही रचना होती. तलावाला कन्नडमध्ये ‘केरे’, सांडव्याला ‘कोडी’, पाणी सोडण्याच्या मोरीला ‘तूबु’, पाटाला ‘कालुवे’ आणि तलावाखाली भिजणाऱ्या क्षेत्राला ‘अच्चुकट्टु’ म्हणतात. अच्चुकट्टुत भात आणि बागायती पिके, त्याच्या वरच्या अंगाला जिरायतीत नाचणी आणि तिच्या ओळींमध्ये अवरे म्हणजे वालाच्या जातीचा पावटा, गुरांसाठी ‘गोमाळ’ नावाचे गायरान आणि गावाच्या कडेला आंबा, फणस, जांभूळ, चिंच यांची ‘गुंडुतोपु’ नावाची सामायिक राई, असा गावाचा ठरलेला मांड असे.

पाणी कोणाच्या शेतात किती वेळ जायचे हे ठरवणारा माणूस ‘नीरुगंटी’ होय. खानदेशात पांझरा नदीवरील फड पद्धतीत पाटकऱ्याचे जे काम, तेच येथे नीरुगंटीचे. मोरी उघडणे, पाट राखणे, बांधाला पडलेली भेग वेळीच हेरणे यांबद्दल त्याला बलुत्यासारखा धान्याचा वाटा मिळे. उन्हाळ्यात तलाव आटला की तळाचा गाळ उपसून शेतात टाकला जाई, त्यामुळे तलाव खोल राही आणि शेताला खत मिळे. महाराष्ट्रात ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या नावाने सरकारी योजना आली, तिच्यामागचा व्यवहार तलावांच्या या प्रदेशात पिढ्यान् पिढ्यांचा होता.

शहराच्या नावाभोवतीही अन्नच आहे. होयसळ राजा वीरबल्लाळ शिकारीत वाट चुकला, एका म्हातारीने त्याला उकडलेले पावटे खायला दिले आणि त्या ठिकाणाला ‘बेंद काळु ऊरु’, म्हणजे उकडलेल्या दाण्यांचे गाव, असे नाव पडले, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. बेगूर येथील नागेश्वर मंदिरातला सुमारे इसवी सन ८९० चा वीरगळ ‘बेंगळूरु’ हे नाव होयसळांच्या कितीतरी आधी देतो, त्यामुळे ही व्युत्पत्ती इतिहास म्हणून टिकत नाही. तरीही आपल्या शहराचा उगम लोकांनी पावट्याच्या वाडग्यात शोधला, ही गोष्ट त्या शहराच्या शिवारात काय पिकत होते ते सांगते. आजही थंडीत अवरेच्या शेंगांचे ढीग पेठेत येतात; शेंगेवरचा तेलकट, उग्र वासाचा लेप, ज्याला ‘सोगडु’ म्हणतात, हाताला चिकटला की शेंग ताजी समजली जाते. दाणे पाण्यात भिजवून चिमटीत दाबायचे, म्हणजे साल हातात राहते आणि पांढरट हिरवी डाळ टुणकन बाहेर येते. हीच ‘हितकिद बेळे’. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या मराठी घरात बिरड्यासाठी वाल सोलताना बोटांची जी हालचाल होते तीच ही, आणि कडधान्यही त्याच कुळातले.

इसवी सन १५३७ मध्ये विजयनगरचा मांडलिक केंपेगौडा याने मातीच्या तटबंदीची पेठ वसवली, ती याच तलावांच्या प्रदेशात. धर्मांबुधी, केंपांबुधी, संपंगी आणि हलसूर हे तलाव जुन्या पेठेच्या भोवती किंवा जवळ होते, आणि त्यांतील काहींची उभारणी केंपेगौडा घराण्याकडे जाते. पेठेच्या आतल्या मोहल्ल्यांची नावे व्यापाराच्या जिनसांवरून पडली : अक्किपेटे तांदळाची, रागीपेटे नाचणीची, तरगुपेटे धान्याची. तटाबाहेरच्या वस्त्यांची नावे झाडांवरून पडली. मावळ्ळी हे आंब्याचे गाव, हुणसमारनहळ्ळी चिंचेचे, तर हलसूर हे नाव फणसाच्या राईवरून आल्याचे मानले जाते. पेठेत धान्य विकले जाई आणि तटाबाहेर, तलावाच्या पाण्यावर, ते पिके. या दोहोंमधले अंतर डोक्यावरच्या पाटीने चालत जाण्याइतके होते. भाजी सकाळी तोडून सकाळीच विकायची असते, म्हणून हे अंतर शहराच्या रचनेत निर्णायक ठरत असे.

या रचनेचा अर्धशतकाचा काळ मराठ्यांच्या इतिहासाशीही जोडलेला आहे. १६३८ मध्ये विजापूरचा सेनापती रणदुल्ला खान आणि त्याच्यासोबत शहाजीराजे भोसले यांनी बेंगळुरू जिंकले. पुढे ते शहाजीराजांना जहागीर म्हणून मिळाले आणि त्यांच्या दरबाराचे ठिकाण झाले. जयराम पिंड्ये या कवीचे ‘राधामाधवविलासचंपू’ हे काव्य याच दरबाराचे वर्णन करते. जहागीर याचा अर्थ मुळात महसुलाचा हक्क, आणि या भागात महसूल तलावांखालच्या भिजत्या जमिनीवर अवलंबून होता. म्हणजे मराठी फौज आणि मराठी दरबार याच केरे-कालुवे व्यवस्थेच्या पिकावर पोसले गेले. शहाजीराजांचे पुत्र एकोजी यांच्या काळात, १६८७ मध्ये, मोगल सेनापती कासीम खानाने शहर घेतले आणि त्यानंतर थोड्याच काळात ते ३ लाख रुपयांना म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडियारांकडे गेले.

अठराव्या शतकात हैदर अलीने शहराच्या दक्षिणेला १७६० मध्ये सुमारे ४० एकरांवर लालबाग लावायला घेतली आणि टिपू सुलतानाने ती वाढवली. शिरा येथील मोगल धाटणीच्या बागेचा नमुना तिच्यापुढे होता. टिपूच्या पतनानंतर, १८०० मध्ये, कंपनी सरकारचा वैद्यक-निरीक्षक फ्रान्सिस बुकानन येथून गेला. त्याने नोंदवलेल्या बागा चौकोनी वाफ्यांच्या होत्या, वाफ्यांमधल्या वाटांच्या कडेने सुरूसारखी सायप्रसची झाडे होती, आणि वाफ्यांत फळझाडे व भाजीपाला होता; एक वाफा पूर्ण गुलाबांचा तर दुसरा पूर्ण डाळिंबांचा, अशी मुसलमानी बागांची रीत असल्याचे तो सांगतो. पाण्याची टंचाई ही या बागांची मोठी उणीव आहे, असेही त्याचे निरीक्षण आहे. हैदरच्या बागेला तलावाचे पाणी मिळे, टिपूच्या बागेला विहिरींचे. विहिरीचे पाणी ‘कपिले’ने, म्हणजे मोटेने, उपसत : चामड्याची पिशवी, चाकावरून जाणारा दोर आणि उतरत्या धावेवरून खाली चालणारी बैलजोडी. लांब वाशाच्या टोकाला भांडे बांधून, त्यावर माणसाने तोल देत पाणी काढण्यापेक्षा मोट बरी, असे तेथील कामकऱ्यांनी त्याला सांगितले. राजाच्या बागेतली ही यंत्रणा शेजारच्या मळ्यातल्यापेक्षा वेगळी नव्हती; शोभेची आणि खाण्याची झाडे एकाच पाण्यावर वाढत होती.

ती वाढवणारे हात मुख्यतः तिगळ समाजाचे होते. स्वतःला वह्निकुल क्षत्रिय म्हणवणारा हा समाज पिढीजात माळीकाम आणि बागायत करणारा. त्यातील काहींना हैदरने लालबागेसाठी तमिळ मुलखातून आणले अशी परंपरा आहे, तर समाजातले काही जण आपले वास्तव्य त्याहून जुने सांगतात. जुन्या पेठेतल्या तिगळरपेटेत त्यांचे धर्मरायस्वामी मंदिर आहे आणि चैत्री पौर्णिमेला निघणारा करग उत्सव त्यांचाच. द्रौपदीचे रूप मानलेला, मोगऱ्याच्या फुलांनी शंकूसारखा सजवलेला करग डोक्यावर घेऊन पुजारी रात्रभर जुन्या शहरातून फिरतो आणि वाटेत तवक्कल मस्तान यांच्या दर्ग्यालाही जातो. या उत्सवाचे विधी पाण्याशी, विशेषतः संपंगी तलावाशी, बांधलेले आहेत. तलावाच्या काठी भाजी आणि फुले पिकवणाऱ्यांचा सर्वांत मोठा सण तलावाच्या पाण्यातून सुरू व्हावा, यात त्यांच्या उपजीविकेचा पूर्ण नकाशा आहे.

असाच दुसरा उत्सव भुईमुगाचा. बसवनगुडीतल्या दोड्ड बसवाच्या, म्हणजे एकाच खडकात कोरलेल्या प्रचंड नंदीच्या, मंदिरापाशी कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी ‘कडलेकायी परिषे’ भरते. सुंकेनहळ्ळी, गविपुर, मावळ्ळी आणि दासरहळ्ळी या गावांत भुईमूग पिकत असे, रात्री एक बैल येऊन पीक फस्त करी, चिडलेल्या शेतकऱ्याने त्याला मारताच तो दगड झाला, आणि तेव्हापासून पहिले पीक त्याला वाहण्याची प्रथा पडली, अशी दंतकथा आहे. परिषेच्या दिवसांत रस्त्याच्या दोन्ही कडांना भाजलेल्या, उकडलेल्या आणि मातीसकट आणलेल्या ओल्या शेंगांचे ढीग लागतात. ज्या गावांची नावे कथेत आहेत ती सगळी आज शहराच्या पोटात आहेत आणि शेंगा लांबच्या जिल्ह्यांतून व शेजारच्या राज्यांतूनही येतात. पीक गेले, तरी पिकाची तिथी पाळली जाते.

१८०९ च्या सुमारास श्रीरंगपट्टणहून ब्रिटिश लष्करी छावणी येथे हलवली गेली आणि हलसूर तलावालगत दुसरे शहर उभे राहू लागले. छावणीच्या बंगल्यांना प्रशस्त आवारे होती आणि त्यांत फळझाडांबरोबर स्वयंपाकघरासाठी भाजीचे वाफे असत. कोबी, फुलकोबी, गाजर, बीट अशा ‘इंग्लिश’ भाज्यांची मागणी छावणीमुळे वाढली आणि भोवतालच्या बागायतदारांनी ती पुरी केली. थंड हवा आणि तांबडी माती या पिकांना मानवली. लालबाग १८५६ मध्ये सरकारी वनस्पती उद्यान झाली. वनस्पतींचे वर्गीकरण करण्याइतकेच उपयुक्त झाडे बाहेरून आणून येथे रुजतात का ते पाहणे, हे अशा उद्यानांचे काम असे. १८७४ ते १९०८ या काळात लालबागेचे प्रमुख असलेले जॉन कॅमेरॉन यांना चौचौ ही वेलवर्गीय फळभाजी येथे आणल्याचे श्रेय दिले जाते. कन्नडमध्ये तिला ‘सीमे बदनेकायी’, म्हणजे परदेशी वांगे म्हणतात, आणि तमिळमध्ये ‘बेंगळूर कत्तरिक्काय’, म्हणजे बेंगळुरूचे वांगे. एका उद्यानातून निघालेली भाजी शेजारच्या भाषेत शहराच्या नावानेच ओळखली जाऊ लागली, इतके उद्यान आणि ताट यांचे अंतर तेव्हा कमी होते.

हे नाते सैल होण्याची सुरुवात नळाच्या पाण्याने झाली. १८९४ मध्ये हेसरघट्टा येथून, अर्कावती नदीवरच्या तलावाचे पाणी शहराला मिळू लागले. १९३३ मध्ये तिप्पगोंडनहळ्ळीचा जलाशय आला, आणि १९७४ मध्ये कावेरी योजनेचा पहिला टप्पा पूर्ण झाला. पाणी अधिकाधिक दुरून येत गेले आणि तसतसे पेठेभोवतीच्या तलावांचे घरगुती उपयोग संपत गेले. नळ असलेल्या नागरिकाला तलाव आता गरजेचा राहिला नाही, उलट डास, हिवताप आणि दुर्गंधीचे ठिकाण वाटू लागला. बागायतदाराला मात्र तो पूर्वीइतकाच हवा होता. संपंगी तलावावर हा विरोध स्पष्ट झाला : तलाव भरलेला राहावा असे काठावरच्या बागायतदारांचे म्हणणे होते, तर लगतचे खेळाचे मैदान कोरडे राहावे म्हणून पाणी उतरवावे असा छावणीच्या बाजूचा आग्रह होता. तलाव हळूहळू आटवला गेला, त्याचा तुकडा तुकडा इतर कामांना गेला आणि अखेर त्या जागी कंठीरव क्रीडांगण आले.

पुढची यादी मोठी आहे. धर्मांबुधीच्या जागी केंपेगौडा बसस्थानक, शूले तलावाच्या जागी फुटबॉलचे मैदान, अक्कितिम्मनहळ्ळी तलावाच्या जागी हॉकीचे मैदान, चल्लघट्ट तलावाच्या जागी गोल्फचे मैदान झाले. १९२० च्या दशकाच्या अखेरीस उभ्या राहिलेल्या कृष्णराजेंद्र मार्केटची कथा यात विशेष बोलकी आहे, कारण त्या जागी सिद्दीकट्टे नावाचा तलाव होता. भाजी पिकवणारे पाणी बुजवून त्यावर भाजी विकणारी इमारत बांधली गेली. त्याच काळात छावणीच्या बाजूला रसेल मार्केट उभे राहिले. मंडई जितकी मोठी, तितका माल लांबून आणणे सोयीचे, आणि माल लांबून येऊ लागला की जवळच्या मळ्याची निकड कमी होत जाते. १९४१ मध्ये सुमारे ४ लाख असलेली लोकसंख्या १९५१ मध्ये पावणेआठ लाखांवर गेली, आणि जवळच्या मळ्यांवर घरांच्या वसाहती बसू लागल्या. पुण्यातही असेच घडले. सारसबाग, हिराबाग, तुळशीबाग ही नावे उरली आणि त्यांच्याभोवतीचे मळे गेले.

याच काळात बेंगळुरूची ‘उद्याननगरी’ ही ओळख पक्की होत गेली. जगाच्या नगररचनेत या शब्दाचा एक काटेकोर अर्थ होता. एबेनेझर हॉवर्ड या इंग्रज विचारवंताने १८९८ मध्ये मांडलेल्या उद्याननगरीत १,००० एकरांच्या शहराभोवती ५,००० एकर शेतजमीन कायमची राखलेली होती. सुमारे ३२,००० रहिवाशांपैकी २,००० शेतीच्या पट्ट्यात राहणार होते, शहराचे अन्न शक्य तितके तिथून यायचे आणि शहराचा मैला खत म्हणून तिथे परत जायचा. म्हणजे हॉवर्डच्या कल्पनेचा गाभा तोटच होता. बेंगळुरूत मात्र सावलीचे रस्ते, बहरणारी झाडे, कब्बन पार्क आणि लालबाग यांनाच हे नाव चिकटले. १९०८ ते १९३२ या काळात लालबागेचे प्रमुख असलेले जर्मन उद्यानतज्ज्ञ गुस्ताव्ह क्रुंबीगल यांनी वर्षभर कुठले ना कुठले झाड फुललेले असावे अशी रस्त्यांची लागवड आखली आणि शहराला त्याचे देखणेपण दिले; ते काम खरोखर मोलाचे होते. पण शहराची हिरवाई म्हणजे शोभेची हिरवाई, ही समजूतही त्याच देखणेपणाबरोबर रुजली. मुंबई विद्यापीठात १९१९ पासून समाजशास्त्र शिकवणारे स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडीस भारतातल्या शहरांना तलाव बुजवू नका, स्वच्छ करा, असे सांगत होते. त्यांचा सल्ला येथे फारसा मुरला नाही.

स्वातंत्र्यानंतरच्या आराखड्यांनी ही विभागणी कायद्यात आणली. १९७६ मध्ये बेंगळुरू विकास प्राधिकरण स्थापन झाले. १९८४ च्या सर्वंकष विकास आराखड्यात शहराभोवती हरितपट्टा दाखवला होता, पण पुढच्या प्रत्येक आराखड्यात शहराची हद्द त्या पट्ट्यात शिरत गेली. याचे कारण नकाशाच्या पद्धतीतही आहे. नगररचनेच्या नकाशात उद्यान ही शहराची सोय मानली जाते, म्हणून ते शहराच्या आत रंगवले जाते. शेती मात्र शहराच्या कडेला, अजून वापर ठरायचा आहे अशा जमिनीसारखी दाखवली जाते. तलावाची नोंद पाण्याचे क्षेत्र म्हणून होते, पण त्याच्या मोरीखाली भिजणाऱ्या अच्चुकट्टुची वेगळी नोंद राहत नाही. तलाव वाचला तरी त्याभोवती फरसबंद फेरी आणि जाळी येते, आणि त्याचे पाणी कोणाच्याही वाफ्यात जात नाही. २००७ मध्ये भोवतालच्या नगरपालिका आणि ११० गावे महानगरपालिकेत आली, तेव्हा गावांबरोबर त्यांचे तलावही शहरात आले. नीरुगंटी मात्र कोणत्याच आस्थापनेच्या पटावर नव्हता.

तरीही मळा आणि शहर यांना जोडणारे धागे पूर्ण तुटले नाहीत. लालबागेचे पुढचे प्रमुख एम. एच. मरीगौडा यांनी १९५१ पासून सुमारे दोन दशकांहून अधिक काळ राज्यातल्या फलोत्पादनाची घडी बसवली. द्राक्ष उत्पादकांच्या सहकारी संस्थेतून वाढलेली ‘हॉपकॉम्स’ ही संस्था याच परंपरेतली. तिचे मुख्यालय लालबागेतच आहे, आणि शेतकऱ्यांकडून थेट घेतलेली फळे-भाजी विकणारे तिचे ठेले शहरातल्या वस्त्यांमधून दिसतात. द्राक्षाची ‘बेंगळुरू ब्लू’ ही जात आणि निर्यातीसाठी पिकणारा लहान, तिखट ‘बेंगळुरू रोझ’ कांदा यांना भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट प्रदेशाच्या उत्पादनाला मिळणारे कायदेशीर संरक्षण, मिळाले आहे. हेसरघट्ट्याच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने काढलेली ‘अर्का अनामिका’ भेंडी तर महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यालाही परिचित आहे. शहराचे नाव पिकांना चिकटून राहिले. पिके शहराबाहेर गेली.

शहराबाहेर गेलेल्या या शेतीकडे शहराचे पाणी मात्र निराळ्या रूपात पोचले. वृषभावती सांडपाण्याने बारमाही झाली आणि तिच्यावरच्या बैरमंगल तलावाखालच्या शेतकऱ्यांना वर्षभर पाणी मिळू लागले; पण त्या पाण्यात कारखान्यांचे आणि वस्त्यांचे प्रदूषण असल्याने खाण्याच्या पिकांऐवजी तुतीचा पाला आणि चारा यांकडे वळणे अनेकांना भाग पडले. २०१८ पासून कोरमंगल-चल्लघट्ट खोऱ्यातले रोज ४४० दशलक्ष लिटरपर्यंत प्रक्रिया केलेले सांडपाणी कोलार जिल्ह्यातल्या तलावांत सोडण्याची योजना सुरू झाली. कोरड्या पडलेल्या विहिरींना तेथे पुन्हा पाणी आले, आणि त्याच वेळी हे पाणी केवळ दुसऱ्या टप्प्यापर्यंत शुद्ध केलेले आहे, तिसऱ्या टप्प्याची प्रक्रिया झालीच पाहिजे, अशी रास्त मागणी शेतकऱ्यांनी लावून धरली. वापरलेले पाणी आणि खत मळ्याकडे परत जावे, हे जुन्या व्यवस्थेचे आणि हॉवर्डच्याही विचाराचे सूत्र होते; ते पाणी विषारी नसावे, ही त्याची पहिली अट आहे.

शहराच्या आत मळ्याची जागा गच्चीने घेतली. कन्नडमध्ये परसबागेला ‘कैतोट’ म्हणतात. कृषिशास्त्रज्ञ डॉ. बी. एन. विश्वनाथ यांनी गच्चीवरच्या सेंद्रिय कैतोटाचा प्रसार केला, आणि २०११ पासून भरणाऱ्या ‘ऊट फ्रॉम युअर तोट’, म्हणजे आपल्या मळ्यातून आपले जेवण, या मेळाव्यांत बियाणे, रोपे आणि अनुभव यांची देवघेव होऊ लागली. २०१२ मध्ये मावळ्ळीपुरचे कचरा आगार बंद होऊन शहर कचऱ्याने तुंबले, तेव्हा ओल्या कचऱ्याचे घरीच खत करण्याला वेग आला, आणि त्या खताला गच्चीवरचे वाफे हीच जवळची जागा होती. पण मार्च २०२४ मध्ये विंधन विहिरी आटल्यावर पाणीपुरवठा मंडळाने पिण्याचे पाणी झाडांना घालण्यास बंदी करून ५,००० रुपयांचा दंड ठरवला. टंचाईत हा निर्णय योग्यच होता. त्याने इतकेच दाखवून दिले की, सुमारे १०० किलोमीटरवरून उपसा करून आणलेल्या कावेरीवर पालकाची पेंडी पिकवणे हा शहरी शेतीचा टिकाऊ पाया होऊ शकत नाही. तो पाया गच्चीवर पडणाऱ्या पावसात, प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यात आणि तलावाच्या मोरीखाली राखलेल्या जमिनीत आहे. म्हणजे जुन्या शहराने जिथे तो घातला होता, तिथेच.

म्हणून बेंगळुरूच्या पुढच्या आराखड्यात शहरी शेतीला स्थान द्यायचे, तर फुटपाथलगतच्या चार वाफ्यांनी ते भागणार नाही. तलावाबरोबर त्याच्या लाभक्षेत्राचा उरलेला तुकडाही बांधकामापासून राखणे, पावसाचे पाणी वाहून नेणारे राजकालुवे, म्हणजे मुख्य नाले, सांडपाण्यापासून मोकळे करणे, आणि मोरी कधी उघडायची हे ठरवणाऱ्या माणसाला पुन्हा पगारी जागा देणे, ही नगररचनेची कामे आहेत. त्यांतले एकही काम या शहराला अपरिचित नाही.

कंठीरव क्रीडांगणाच्या आवारात आज एक छोटा कुंड आहे. संपंगी तलावाचा तेवढाच अवशेष उरला आहे, आणि तो उरला याचे कारण चैत्रात करगाच्या विधीसाठी तिगळांना पाणी लागते. ज्यांचे मळे गेले, त्यांनी विधीपुरते पाणी हट्टाने राखले. बागायत या शब्दातली बाग आधी पाणी मागते, हे त्या कुंडापाशी दरवर्षी जमणाऱ्या माळ्यांच्या वंशजांनी शहराच्या वतीने लक्षात ठेवले आहे.